आपल्या माळरानावरचे ‘वेस्टर्न’

अमेरिकन चित्रपटसृष्टीने जगाला जे चित्रपटप्रकार दिले, त्यांत ‘वेस्टर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचे स्थान मोठे आहे. विस्तीर्ण ओसाड प्रदेश, एकाच रस्त्याचे धुळकट गाव, कायद्याचे राज्य अजून नीट पोहोचलेले नाही असा काळ, आणि कोठून आला व कोठे जाणार हे कोणालाच ठाऊक नसलेला एक घोडेस्वार, एवढ्या सामग्रीवर तेथील दिग्दर्शकांनी शेकडो चित्रपट काढले. त्यांतील बहुतेक विसरण्याजोगेच होते. परंतु काही थोडे असे निघाले की, माणूस एकटा पडला असता कसा वागतो आणि समाज त्याला केव्हा एकटा सोडतो, याविषयी पुष्कळ प्रवचनांपेक्षा ते अधिक सांगून जातात. १९९५ साली चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने महत्त्वाच्या ४५ चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली होती. तीत कलागुणांसाठी निवडलेल्या चित्रपटांत जॉन फोर्ड यांचा १९३९चा ‘स्टेजकोच’ आहे, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. फोर्ड हे आयरिश वंशाचे कॅथलिक होते. पण त्यांची निवड त्यासाठी झाली असे समजण्याचे कारण नाही. चित्रपट खरोखरच उत्तम आहे.

अमेरिकेतील प्रेक्षक आपल्या राज्यात घडणाऱ्या वेस्टर्नवर विशेष माया करतात. टेक्सासच्या माणसाला ‘द सर्चर्स’ आपला वाटतो, वायोमिंगच्या माणसाला ‘शेन’. गंमत अशी की, टेक्सासची कथा सांगणाऱ्या ‘द सर्चर्स’चे प्रसिद्ध लाल सुळके टेक्सासात नाहीतच, ते युटा आणि ॲरिझोना यांच्या सीमेवरील मॉन्युमेंट व्हॅलीत आहेत. तेव्हा प्रश्न असा पडतो की, आपल्या महाराष्ट्रात, आणि विशेषतः बालाघाटच्या पायथ्यापासून तेरणेच्या काठापर्यंत पसरलेल्या आमच्या या कोरड्या मुलखात, आपला म्हणावा असा वेस्टर्न कोणता?

पुष्कळांच्या ओठांवर ‘शोले’चे नाव येईल. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला रमेश सिप्पी यांचा हा चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. आमच्या पिढीने तो जत्रेतील तंबूत, मधोमध रीळ बदलताना होणाऱ्या खोळंब्यासह, मातीवर बसून पाहिला आणि त्यातील संवाद ध्वनिमुद्रिकांवरून पाठ केले. त्याची जडणघडण निःसंशय वेस्टर्नची आहे. भाड्याने आणलेले शूर पुरुष गावाचे रक्षण करतात, ही कल्पना जपानच्या ‘सेव्हन सामुराई’मधून अमेरिकेच्या ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’मध्ये आणि तेथून आपल्याकडे आली. मात्र शोलेचे रामगढ कोणत्याच राज्यात नाही. ते उभारले कर्नाटकात, रामनगरच्या खडकांत; खलनायकाचे नाव आले चंबळच्या खोऱ्यातून; आणि त्या गावात वीज नसली तरी भली मोठी पाण्याची टाकी मात्र आहे! रामगढला पाटील नाही, तलाठी नाही, गावकुसाबाहेरची वस्ती नाही, सावकारही नाही. ज्या गावात हे कोणीच नाही, त्या गावात दरोडेखोर कोठून निर्माण झाला, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही. मनोरंजन म्हणून शोले अजोड आहे हे मान्य करूनही, तो आपल्या मातीतील वेस्टर्न आहे असे म्हणणे मला अवघड वाटते.

दरोडेखोर कोठून निर्माण होतो, हे महाराष्ट्रात सर्वांत परखडपणे सांगितले ते अण्णाभाऊ साठे यांनी. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६३ साली तिच्यावर चित्रपट निघाला. वारणेच्या खोऱ्यातील मांग समाजाचा हा वीर दुष्काळात उपासमारीने मरणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटतो, सरकारी खजिन्यावर चाल करून जातो आणि अखेरीस आपली माणसे सुटावीत म्हणून स्वतःला सरकारच्या स्वाधीन करतो. अमेरिकन वेस्टर्नमधील बंडखोर हा बहुधा एकटा असतो. त्याला ना आई, ना भावकी. फकिराच्या मागे संपूर्ण वस्ती आहे, आणि त्या वस्तीला रोज हजेरी द्यावी लागते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरत असे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी त्याने लावलेला कलंक आमच्या भागातील पारधी कुटुंबांच्या कपाळावरून अद्याप पुसलेला नाही. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ या आत्मकथनातून तो कलंक सोसणाऱ्याच्या बाजूने दाखविला. फकिराचे चित्रपटरूप कादंबरीच्या उंचीला पोहोचते असे मी म्हणणार नाही. त्या काळच्या मराठी चित्रपटाचा नाटकीपणा त्याला चिकटलेला आहे. परंतु वेस्टर्नमधील मूळ प्रश्न, म्हणजे कायदाच अन्यायी असेल तर सज्जनाने कोठे उभे राहावे, तो या कथेइतका सरळ कोणी विचारलेला नाही.

यानंतर ‘सामना’. जब्बार पटेल यांचा हा पहिला चित्रपट, लेखन विजय तेंडुलकर यांचे. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवातील स्पर्धेत तो दाखविला गेला. यात घोडे नाहीत, बंदुकांचा खडखडाट नाही, म्हणून त्याला वेस्टर्न म्हणण्यास काहींची हरकत असेल. परंतु त्याचा सांगाडा पाहा. साखर कारखान्याच्या जोरावर सारा परिसर मुठीत ठेवलेला हिंदुराव धोंडे पाटील. त्याच्या गावात कोठूनसा येऊन पडलेला, दारूत बुडालेला एक अनोळखी मास्तर. आणि मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले, हा कोणालाच नको असलेला प्रश्न. निळू फुले आणि श्रीराम लागू यांच्यातील द्वंद्व हे पिस्तुलांचे नसून प्रश्न आणि मौन यांचे आहे. पाटील हसतो, जेवू घालतो, दारू पाजतो, आणि तरीही भीती वाटत राहते. अमेरिकन चित्रपटातील जमीनदार खलनायक गुंड पाळतो. आपला पाटील उपकार करतो. उपकाराचे ओझे डोक्यावर असले की गाव आपोआप गप्प बसते, हे तेंडुलकरांनी अचूक हेरले आहे.

येथे फ्रेड झिनेमन यांच्या १९५२च्या ‘हाय नून’ची आठवण होते. सूडाने पेटलेला गुन्हेगार दुपारच्या आगगाडीने येणार आहे. त्याला सामोरा जाण्यासाठी अधिकारी विल केन साथीदार शोधतो आहे. रविवार आहे. तो चर्चमध्ये उपासना चालू असता आत शिरतो आणि मदत मागतो. काही जण उठतात, मग चर्चा सुरू होते. एक म्हणतो, हा आमचा प्रश्न नाही. दुसरा म्हणतो, यासाठी आम्ही कर भरतो. पाळकाला विचारले असता, माणसांना मारण्यास किंवा मरण्यास जा असे मी कसे सांगू, या अर्थाचे उत्तर तो देतो. शेवटी गावातील प्रतिष्ठित गृहस्थ केनची भरपूर स्तुती करतो आणि गावाच्या भल्यासाठी तूच निघून जा, असे सुचवितो. ते चर्च आपल्या पंथाचे नाही, एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. पालक मंडळाच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. पटकथाकार कार्ल फोरमन यांना त्याच सुमारास अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे बोलावण्यात आले होते आणि त्यांचे अनेक सहकारी त्यांच्यापासून दूर झाले होते. तो अनुभव या दृश्यात उतरला आहे. शेवटी केन आपला बिल्ला धुळीत फेकतो आणि एक शब्दही न बोलता निघून जातो. ‘सामना’तील गाव आणि हे गाव यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे, गप्प बसण्याची रीत मात्र तीच.

माझ्या मते आपल्याकडील सर्वांत अस्सल वेस्टर्न म्हणजे अमोल पालेकर यांचा १९९५चा ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकर यांची मूळ कादंबरी १९५५ची. माणदेशातील उघड्या माळावरची धनगरांची वस्ती, औंध संस्थानचा काळ, आणि तेथे शाळा चालविण्यासाठी एकटाच चालत येणारा तरुण मास्तर. गावाला ना तट, ना वेस. राम देशमुख यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराचे नावच ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ असे आहे. अनोळखी माणूस गावात येतो, संशय सोसतो, भांडणात नकळत ओढला जातो, हळूहळू गावाचा होतो आणि अखेरीस निघून जातो, ही तर ‘शेन’चीच वाट. पण फरक मोठा अर्थपूर्ण आहे. शेन जातो तेव्हा खोऱ्यात शेतकऱ्यांची घरे सुरक्षित उभी असतात. त्याचे जाणे ही त्या सुरक्षिततेची किंमत असते. बनगरवाडीत मास्तर आणि गावकरी मिळून तालीम बांधतात, खुद्द औंधचे राजे तिच्या उद्घाटनाला येतात, आणि मग पाऊस पडत नाही. मेंढरे मरतात, माणसे एकामागून एक वाट धरतात, शेवटी मास्तरही निघतो. तेथे वीर जातो, गाव उरते. येथे गावच निघून जाते. शत्रू असा कोणी नाहीच की ज्याच्यावर गोळी झाडावी.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या ट्रॅक्टरमागे बिऱ्हाड, कोंबड्या आणि लेकरे घेऊन निघालेली कुटुंबे ज्यांनी दरवर्षी पाहिली आहेत, त्यांना या शेवटाचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. पालेकरांचे कौतुक यासाठी की, त्यांनी दुष्काळ भेगाळलेल्या जमिनीच्या चित्रांनी दाखविण्याचा सोपा मार्ग टाळला. त्यांच्या कॅमेऱ्याला माणसे पाहण्याची घाई नाही. एखादा म्हातारा कारभारी नुसता बसलेला असतो, आणि त्या बसण्यात सारी वाडी दिसते. चित्रपटाचा दोष सांगायचा तर एवढाच की, काही नटांचे चेहरे आणि कपडे जरा अधिक धुतलेले वाटतात.

भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ (२०१५) हा त्याच धनगरांचा पुढचा काळ. वनखात्याने जमीन घेतलेली, म्हातारा बाप वर्षानुवर्षे न्यायालयाची पायरी झिजवीत आहे, आणि कुटुंब मेंढरे घेऊन मुलूख तुडवीत आहे. अमेरिकेत गुरे पाळणारे आणि शेती करणारे यांच्यात जे वैर माजले, ते काटेरी तारेने कायम केले. आपल्याकडे रीत वेगळी होती. शेतकरी धनगराला स्वतः बोलावून रानात मेंढ्या बसवून घेई. लेंडीखताच्या बदल्यात धान्य देई. ‘ख्वाडा’त ही देवघेव मोडलेली दिसते. ज्याच्या शिवारात तळ पडतो, त्या गावच्या सरपंचाच्या डोळ्यांत हे लोक खुपतात. शशांक शेंडे यांनी रंगविलेला बाप अपमान गिळत राहतो, धाकटा मुलगा ते पाहत राहतो. आणि प्रेक्षकाला ठाऊक असते की हे फार काळ चालणार नाही. दिग्दर्शकाने आपली शेतजमीन विकून हा चित्रपट पुरा केला, हे सर्वश्रुत आहे. जमीन गमावलेल्या माणसांची गोष्ट जमीन विकून सांगितली, म्हणूनच तिच्यात उसना सूर नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’बद्दल (२०१३) इतके लिहून झाले आहे की अधिक लिहिण्याचा संकोच वाटतो. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. त्यातील शेवटची डुक्कर पकडण्याची दीर्घ धावपळ म्हणजे वेस्टर्नमधील पाठलागच. फक्त येथे पाठलाग करणाराच शिकार आहे, आणि कुंपणाशी बसून हसणारे गाव प्रेक्षक आहे. डुक्कर हाती लागण्याच्या क्षणी शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, आणि जब्या, त्याचा बाप कचरू व सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर निघून जाते. त्या कुटुंबाला देशाने काय दिले, हे न सांगता त्यांनी देशाला काय दिले ते एका क्षणात दिसते. आणि शेवटी जब्याने भिरकावलेला तो दगड! १९०३ सालच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ या अगदी आरंभीच्या वेस्टर्नमध्ये एक दरोडेखोर कॅमेऱ्याकडे, म्हणजे प्रेक्षकाकडे, पिस्तूल रोखून गोळी झाडतो. तेव्हाचे लोक दचकत आणि हसत. जब्याचा दगडही आपल्याच दिशेने येतो. त्यावर कोणी हसत नाही.

मराठवाड्यात घडणारा म्हणून आदिनाथ कोठारे यांच्या ‘पाणी’चा उल्लेख केला पाहिजे. नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडीचे हनुमंत केंद्रे यांच्या कार्यावर आधारलेला हा चित्रपट पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कार मिळवूनही प्रेक्षकांपर्यंत पोहोचला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. गावात पाणी नाही म्हणून सोयरीक जुळत नाही, इतक्या घरगुती अडचणीतून त्याची कथा सुरू होते, हे मला फार आवडले. पुढे तो थोडा सरळ रेषेत चालतो. भला माणूस भला आणि वाईट माणूस वाईट. वास्तव त्याहून अधिक नाट्यमय होते. २०१६च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश लावावा लागला, आणि १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी आली. ‘हाय नून’मधील गाव ज्या भीतीने रुळांकडे डोळे लावून बसले होते, त्याच्या अगदी उलट भावनेने लातूर त्या गाडीची वाट पाहत होते. असे दृश्य कोणा दिग्दर्शकाला सुचले असते, तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

वेस्टर्नमधील गावाविषयी आणखी एक गोष्ट सास्तूर, किल्लारीच्या लोकांना जाणवल्यावाचून राहणार नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. नंतर नव्या जागी वसविलेली गावे सरळ, रुंद रस्ते आणि एकाच मापाच्या घरांच्या ओळी अशी आखली गेली. घरे सुरक्षित झाली यात शंका नाही, आणि त्यासाठी अनेकांनी निष्ठेने कष्ट केले. परंतु बोळ गेले, पार गेले, भावकीचा शेजार गेला. उंबऱ्यात बसलेल्या म्हातारीला समोरच्या घरातील बोलणे ऐकू येईनासे झाले. हॉलिवूडच्या एका रस्त्याच्या गावात माणूस एकटा का दिसतो, हे मला त्या वसाहतींतून फिरताना कळले. ‘सामना’तील किंवा ‘फँड्री’तील गाव क्रूर असेल, पण तेथे सगळ्यांना सगळे ठाऊक असते. गुपित लपविण्यासाठी तेथे सर्वांनी मिळून गप्प बसावे लागते. सरळ रस्त्याच्या गावात तेवढे कष्टही लागत नाहीत.

आता राहिला तो न निघालेला चित्रपट. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि शेजारचे सोलापूर ब्रिटिश मुलखात, पुढे स्वतंत्र भारतात. म्हणजे येथे खरीखुरी सरहद्द होती. सरहद्दीच्या पलीकडे स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या होत्या, अलीकडे रझाकारांची दहशत. त्यांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. जानेवारी १९४८ मध्ये नांदेडकडील उमरी येथील बँक लढ्याच्या निधीसाठी लुटण्यात आली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापुराहून नळदुर्गच्या दिशेने शिरले आणि बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला; १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. सरहद्द, छावण्या, बँकेवरील धाड, किल्ला, पूल, वेस्टर्नला याहून अधिक काय हवे?

रझाकारांवर चित्रपट निघाले आहेत, मराठीत २०१५ साली आणि तेलुगूत २०२४ साली. दुसऱ्यावरून बराच वादही झाला. रझाकारांचे अत्याचार खरे होते. ज्यांच्या घरांची राखरांगोळी झाली त्यांचे वंशज आमच्या गावोगावी आहेत. तथापि कथा १७ सप्टेंबरला संपत नाही. सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत सामान्य मुसलमान कुटुंबांवर जो सूड उगविला गेला, त्याची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. तिच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला आहे आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत पहिले नाव उस्मानाबादचे आहे. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. ज्यांनी शेजाऱ्यांना कणगीत, गोठ्यात लपवून वाचविले, असेही लोक त्या दिवसांत होते. जुन्या माणसांच्या बोलण्यात त्यांचे उल्लेख येतात आणि लगेच विषय बदलतो.

अमेरिकन वेस्टर्नला हा टप्पा गाठण्यास फार वेळ लागला. व्हॅटिकनच्या यादीतील ‘स्टेजकोच’मध्येही अपाची लोक म्हणजे टेकडीवरून धावत येणारा, चेहरा नसलेला धोका एवढेच आहेत. सतरा वर्षांनी त्याच फोर्डनी, त्याच जॉन वेन यांना घेऊन ‘द सर्चर्स’ काढला. त्यातील ईथन एडवर्ड्स कोमांची लोकांनी पळविलेल्या पुतणीला वर्षानुवर्षे शोधतो. पण ती त्यांच्यातच वाढली म्हणून तिला वाचविण्याऐवजी मारून टाकावे, असे त्याच्या मनात आहे. म्हणजे वीराच्या छातीत शत्रूहून अधिक भयंकर काही दडले आहे, हे दिग्दर्शक आपल्याला पाहावयास लावतो. शेवटी तो तिला उचलून घरी आणतो खरा, पण स्वतः उंबरा ओलांडत नाही. दार बंद होते आणि तो बाहेरच राहतो. कोमांची लोकांना पूर्ण न्याय या चित्रपटातही मिळालेला नाही, हे खरे. परंतु द्वेष हा वीराचाच रोग आहे, एवढे कबूल करण्याचे धैर्य त्यात आहे.

आमच्या १९४८वर चित्रपट निघेल तेव्हा त्याच्या दिग्दर्शकाने ‘शोले’ऐवजी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावा, असे मला वाटते. त्याला मराठीबरोबर दखनी आणि कन्नडही कानाने टिपावी लागेल, कारण या सरहद्दीवर शिव्या एका भाषेत आणि अंगाई दुसऱ्या भाषेत असा प्रकार सर्रास होता. लपविणारा आणि जाळणारा हे दोघे एकाच भावकीतले असू शकतात, हेही त्याला दाखवावे लागेल. ते दिवस जाणत्या वयात पाहिलेली माणसे आता नव्वदी ओलांडून गेली आहेत. तेव्हा पटकथेचे काम ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन ओसरीवर बसण्यापासून सुरू करावे लागेल, आणि तेही लवकर. चित्रीकरणासाठी मात्र कर्नाटकातील खडक शोधीत जाण्याचे कारण नाही. नळदुर्गचा किल्ला, त्यातील पाणीमहाल आणि खालची बोरी नदी जागेवरच आहेत.